मंजुरीसाठी

एकतीस वर्षं मी बेलापूरच्या ऑफिसात ट्रेसर होते.
सेक्टर, प्लॉट, गटारं, वळणाचे रस्ते,
वळणसुद्धा फ्रेंच कर्व्हच्या आधाराने.
शाई फुटली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची,
मग नखाने घोटायची जागा,
साहेबांच्या बोटालाही कळू नये
इथे हात चुकला होता.

खाडी मात्र तुटक रेघेने दाखवायचो.
एवढीच सूट होती तिला.

निवृत्तीनंतर जलरंग घेतले.
रविवारी दिवाळ्याच्या जेटीवर जाऊन बसायचे,
पेन्सिलीने आधी सगळं आखून:
होड्या, खांब, पलीकडचा डोंगर.
आणि मग रंग, रेघेच्या आत,
भाडेकरूसारखा,
भिंतीला खिळा न ठोकता.

त्या दिवशी पाण्याची बाटली घरी विसरले.
पायरीवर जाळं सांधत बसलेल्या बारकूबाईंनी
डबा खाडीत बुडवून हातात दिला.
"खारा पानी हाय, बाय. तुजा आयकाचा नाय."

आकाशापासून सुरुवात केली.
निळा उतरला तो थांबेचना.
डोंगराची रेघ ओलांडली,
होडीत शिरला, खांबांना वळसा घालून खाली,
जिथे मी चिखल ठरवला होता.
ओढणीने टिपलं. डाग आणखी पसरला.
पिशवीत ब्लेड होतंच. काढलं.
ओल्या कागदावर ब्लेड चालत नाही
हे एकतीस वर्षांत
मला कळायची वेळ आली नव्हती.

मग बसले नुसती. मांडीवर हात.
बाईंची सुई गाठीतून गाठीत जात होती
आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं,
त्या पुलाखालून येणाऱ्या कुणाच्या तरी होडीला
मनापासून शिव्या घालत होत्या.
ऊन चढलं. कागद वाळता वाळता
मीठ वर आलं,
निळ्यात पांढरं, तुसासारखं,
कुणीच न काढलेलं.
पक्षी म्हणवत नाही.
पक्षी म्हटलं की परत माझंच होईल.

घरी आल्यावर सवयीने उजव्या कोपऱ्यात
चौकट आखली:
रेखाटले. तपासले. मंजूर.
पहिल्या ओळीत सहीला पेन टेकवलं,
'वि' एवढाच झाला.
पुढचं नाव सुचेना, माझंच असून.

नेरूळच्या घरात फ्रिजशेजारी लावलंय.
दमट दिवशी त्याला घाम फुटतो.
मीठ हवेतली ओल ओढून घेतं
आणि निळा पुन्हा थोडा सरकतो.
परवा होडीचं टोक गेलं.
हे म्हणतात, काचेत घाल, टिकेल.
खरं सांगते, फ्रेमवाल्याला मापंही देऊन आले होते,
मिलिमीटरमध्ये.
त्याचे दोन फोन येऊन गेले.

आज सकाळी चहा ठेवताना पाहिलं,
कोपऱ्यातल्या चौकटीची वरची रेघ
एका जागी फुगली आहे.
'तपासले'च्या पुढे
ओल आली आहे.