एकविसावा दिवस

बाटलीवर आम्ही छापतो : जिवंत.
छापायला सोपं आहे,
निळी शाई, तिरपं अक्षर, बाजूला एक कैरी.
सिद्ध करायचं काम माझ्याकडे,
केप्यातल्या डेअरीच्या मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी पोचे आलेले कॅन ठेवत.

एक मिली ताक नऊ मिली पाण्यात,
त्यातलं एक पुन्हा नऊत, पुन्हा नऊत,
सहा वेळा.
शेवटच्या नळीत बघाल तर पाणीच म्हणाल.
ते ताटलीत ओतायचं, तीन दिवस उबेला ठेवायचं,
मग उठलेले ठिपके मोजायचे
काचेवर पेनाने टिंब देत देत.
एक ठिपका म्हणजे मूळचे दहा लाख.
चाळीस आले तर मी चहाला जाते.

थंडी त्यांना मारत नाही, गप्प करते.
चार अंशांवर ते भूक पुढे ढकलतात.
दहाच्या वर गेलं की उठतात, खातात,
गोड संपवून आंबट सोडतात
आणि त्या स्वतःच्याच आंबटात
कमी कमी होत जातात.
चवीत फारसं काही कळत नाही.
उलट गिऱ्हाईक म्हणतं, आज ताक फर्मास.

त्या वर्षी आम्ही खूप खटपट केली.
विरजण अर्धा तास आधी थांबवलं,
त्यांना खायला चिकोरीच्या मुळांची भुकटी घातली,
हवा शिरू नये म्हणून बाटली जाड केली.
सांगे टिकलं. कुडचडे टिकलं.
रिवण मात्र एकविसाव्या दिवशी
तीन ठिपके, कधी चार.

गुरुदास वेळीपच्या गाडीतून
मी बटणाएवढा तापमापक पाठवला क्रेटमध्ये, बाटल्यांच्या मध्ये.
परत आला तेव्हा पडद्यावर टेकड्या होत्या :
रोज रात्री दहाला चढ,
पहाटे पाचला उतार,
रविवारीसुद्धा.
वीज एवढी वक्तशीर जात नाही आपल्याकडे.

म्हणून एका शनिवारी मीच गेले.
खाणीच्या धुळीने तांबडा झालेला पत्रा,
खाली शेवंतीबायचं दुकान,
काड्यापेट्या, सुकं गालमो, आमचा फ्रिज,
आणि फ्रिजमागे पडदा, पडद्यामागे खाट.
मी आलेख दाखवला. तिने तो उलटा धरला.
मग हळू आवाजात म्हणाली,
"रातचो बंद करतां गे.
ताच्या आवाजान तांकां न्हीद येना."
पोदेराचा भोंगा ऐकू आला
की ती पुन्हा बटण दाबते.
पडद्यामागे कुणीतरी खोकलं, थांबलं,
पुन्हा खोकलं.

नियमाप्रमाणे फ्रिज उचलून आणायचा असतो.
मी कारणाच्या रकान्यात लिहिलं : तापमान अनियमित.
एवढं खरं होतं.
आणि गुरुदासला सांगितलं,
रिवणला आठवड्याचे दोन क्रेट नकोत,
एक दिवसाआड सहाच बाटल्या टाक.
जे तिथे टिकत नाही
ते तिथे राहायलाच नको फार.
डिझेलवरून मॅनेजर बोलले. बोलू दिलं.
एका फेरीतल्या दोन बाटल्या मात्र
नमुन्यासाठी पूर्ण मुदत तिथेच ठेवायच्या,
तळाशी, तापमापकासकट.
हे कागदोपत्री भागच होतं.

श्रावणापर्यंत तसंच चाललं.
तीन ठिपके. चार. तीन.

काल रिवणची ताटली उघडली
तर पेन टेकवायला जागा नाही.
एकेचाळीस.
वाटलं, नळ्यांची अदलाबदल केली मी.
दुसरी ताटली मोजली. त्रेचाळीस.
मग तापमापक जोडला.
सुरुवातीला पाच टेकड्या,
पुढे रेघ सरळ,
सोळा दिवस, सोळा रात्री,
चार अंशांवर.

गुरुदास दारात क्रेट ठेवत होता.
मी विचारलं नाही. तोही
रिकाम्या बाटल्या मोजत राहिला,
मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या.

वहीत लिहिलं : रिवण, समाधानकारक.
चहाला गेले नाही.