कढीपत्त्याला पाणी

केळुसकर वहिनी मुलांसकट बारा जूनला उडाल्या,
जाताना चावी देऊन गेल्या माझ्याकडे.
केळुसकर वाळवंटात, रिगवर, महिना महिना येत नाहीत.
"कढीपत्त्याला रोज पाणी घाला, भावोजी.
गीझरमधलं घाला हं, नळाचं नको."

इथे उन्हाळ्यात असं उलटं असतं.
गच्चीवरची टाकी उकळते, नळाला कढण येतं,
आणि बंद गीझरच्या पोटात
तेवढं गार पाणी राहतं.

मंगाफचा चौथा मजला. अर्धी बिल्डिंग गावाला गेलेली.
तीन दिवस मी पाणी घातलं, कुलूप लावलं, निघालो.
चौथ्या दिवशी धुळीचं वादळ उठलं.
फटींत ओले टॉवेल कोंबले आणि तिथेच बसलो,
सोफ्यावर. समोर पुस्तकांचं कपाट.

मी काही वाचणारा माणूस नव्हे.
पाइपांचे नकाशे वाचतो, कुठे व्हॉल्व्ह, कुठे गळती.
कादंबरी म्हणजे दहावीच्या पेपरात
अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा, गुण पाच.
सगळ्यात बारीक होती ती काढली.
शरयू ताम्हाणे. कोण बाई, कुठली, ठाऊक नाही.
मागे फोटो नाही, पत्ता आहे, तोही वाळवीने अर्धा नेलेला.

घाटाखालच्या टपाल कचेरीत एक बाई टपाल निवडते.
एक पत्र, दुसऱ्याचं,
पदराच्या गाठीला बांधून घरी नेते
आणि ऐंशी पानं ते उघडत नाही.
भाकऱ्या थापते, विहिरीवर जाते, गाठ चाचपते.
बाहेर धूळ केव्हा बसली, कळलं नाही.
फलटणहून फोन आला, "जेवलात का?"
म्हटलं, "थांब, ती पत्र उघडतेय."
"कोण ती?"
पुढचा अर्धा तास मी कादंबरी समजावून सांगितली.

मग कढीपत्त्याला दिवसातून दोनदा पाणी मिळू लागलं.
पुस्तक मी घरी नेलं नाही एकदाही,
चावी पाण्यासाठी दिली होती.
जुलैत सापडला एक वऱ्हाडी मास्तर,
त्याच्या वाक्याला पूर्णविराम लागेस्तोवर
चहावर साय धरायची.
ऑगस्टात एक पोरगी, माझ्या लेकीएवढी असेल,
एसटी स्टँडवरच्या शिव्या जशाच्या तशा लिहिणारी.
मी एकटाच हसलो, एवढ्या मोठ्याने की
खालच्या मजल्यावरच्या मल्याळी आजोबांनी
पाइप वाजवला.

एक गोष्ट राहिली.
वहिनी पेन्सिलीने समासात लिहितात.
"खोटं!" "आमची आक्का अशीच." "हे पुन्हा वाचणे."
ताम्हाणेबाईंच्या पुस्तकात, पान एकशे बाराला,
बारीक अक्षर:
"तिसरा महिना. पुन्हा गेलं. आज हे वाचून पहिल्यांदा झोप लागली."
मी पुस्तक मिटलं.
उठून पाणी घातलं, सकाळी घातलेलं असूनही.
पदराला गाठ मारलेली ती बाई
आता सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.
तेव्हापासून मी समासावर तळहात ठेवून वाचतो.
घामाचे डाग पडले काही पानांवर, ते दिसतील.

सप्टेंबरात वहिनी आल्या. बॅगा दारातच.
आधी बाल्कनीत गेल्या. "अगो बाई, केवढा वाढला!"
मग कपाटापाशी थांबल्या.
एक पुस्तक मी उलटं लावलं होतं.
त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.
चावी टेबलावर ठेवली, दारापर्यंत आलो,
आणि तोंडातून निघूनच गेलं:
"वहिनी, ह्या ताम्हाणेंचं अजून काही आहे का?"

वहिनींनी पुस्तक सरळ केलं, सावकाश.
म्हणाल्या, "दुसरी एकच आहे. यंदा सावंतवाडीत रद्दीत मिळाली.
पण सोड्यांच्या पिशवीखाली आहे हो बॅगेत,
वास येईल."

म्हटलं, येऊ दे.