एकशे अकरा

खारीवाड्याच्या शीतगृहात, कोळंबीच्या खोक्यांमागे,
उणे अडतीस अंशांत
मी एका फळीला विचारते आहे
तू किती लांब आहेस.

फळी एक मीटरवर. मीच ठोकली.
पोलादी फितीने दोनदा मोजली,
फीतही गारठ्यात केसभर आखडते, तेही धरलं.
सेन्सर म्हणतो, एकशे अकरा.

सकाळी धक्क्यावर, सुकत घातलेल्या जाळ्यांशेजारी,
बत्तीस अंशांत
याच मीटरला तो अठ्ठ्याण्णव म्हणाला होता.

अंतर त्याला कळतच नाही.
तो एक हाक मारतो, आपल्याला न ऐकू येणारी,
आणि ती परत येईतो थांबतो.
थांबणं मोजतो.
वीस अंशांच्या खोलीत कुणीतरी त्याला शिकवलं
की हाक अमुक वेगाने चालते,
तेवढं एकच पाठ आहे त्याला.
इथे हाक पाय ओढत चालते.

दाराशी कायतान उभा, कानटोपी, दोन हातमोजे,
बावीस वर्षं हेच दार उघडतो, लावतो.
म्हणाला, "आवाजाक लेगीत हींव लागता?"
हो म्हटलं. हवेलाच लागतं, आवाज तिच्यातून जातो.
तो बराच वेळ खोक्यांवरचं बर्फ नखाने खरवडत राहिला.

तिसऱ्या तासाला बॅटरी मान टाकते.
पडद्यावरचे आकडे गुळासारखे सरकतात.
मग दार उघडलं, बाहेरची दमट हवा आत आली,
सेन्सरच्या तोंडावर दहिवर गोठलं
आणि तो म्हणाला, तीन. तीन सेंटिमीटर.
स्वतःचीच हाक ऐकत बसला होता.

डिसेंबरात पेटी जहाजाने दक्षिणेला जाईल.
तिथे एका खांबावरून खाली पाहत
बर्फ किती साचलं ते सांगत राहील, अंधाराचे महिने सगळे.
यादीत सोबत जाणाऱ्यांत माझं नाव नाही.
विचारलं नाही मी. नाही म्हणजे, एकदा विचारलं.

रात्री प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली:
आधी थर्मामीटरला विचार,
मग बोल.
सकाळी पुन्हा आत. फळी तीच.
शंभर पूर्णांक चार.
मी हातमोज्यातच टाळी वाजवली, आवाज आलाच नाही.

बाहेर येताच चष्मा पांढरा.
पुसेपर्यंत काही दिसेना, फक्त ऐकू आलं,
कायतान फोनवर, जोविटशी,
जो नॉर्वेच्या कुठल्याशा बोटीवर भांडी घासतो
आणि जो, कायतानच्या मते, हल्ली उत्तर उशिरा देतो.
"थंय हींव कितलें?"
मग तो गप्प राहिला. वाट पाहिली. घाई केली नाही.
मी चष्मा पुसायचं थांबवलं.