शहाण्णवशे

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा अडलाय.
काट्यावरचं पोतं काट्यावरच.
परभणीत बसून मी त्याला सकाळपासून हाका मारल्या,
पत्ता बरोबर, नाव बरोबर,
उत्तर नाही.
मग दीडची एसटी धरली.

जिन्याखाली, खराट्यांच्या वर, पत्र्याची पेटी.
दार उघडलं तशी आधी हळद सांडली.
पंख्याच्या पात्यांवर हळद, तारांच्या मुळाशी हळद,
आणि त्या पिवळ्या धुळीआडून
सगळे हिरवे दिवे एकदमच फडफडतायत,
श्वास न घेता.
किल्लीवाले सटवाजीमामा कौतुकानं म्हणाले,
‘लई काम करायलंय की ओ बाई, सकाळधरून!’

पिशवीतून आकाशी चपटी तार काढली,
डब्यातल्या लोणच्याचा वास लागलेली.
स्विचची अठ्ठेचाळीस तोंडं काट्यांशी बोलतात, जिल्ह्याशी,
कुठल्या कुठल्या शहरांशी.
हे एकोणपन्नासावं, मागच्या अंगाचं,
वर्षानुवर्षं गप्प.
त्याला पत्ता लागत नाही.
कुणीतरी हातभर अंतरावर येऊन बसावं लागतं.

बसले. पालथ्या बादलीवर, लॅपटॉप मांडीवर.

पहिल्यांदा नुसता कचरा आला:
चौकटी, उलटी प्रश्नचिन्हं,
कुठल्याशा लिपीतली अर्धी अक्षरं.
चूक माझी. मी नव्या यंत्रांच्या घाईनं बोलत होते.
वेग उतरवला.
आणखी उतरवला.
शहाण्णवशे.
एंटर.
काहीच नाही.
एंटर.
मग एकेक अक्षर, जड जिभेचं:
मोंढा-एक,
आणि पुढे उघडझाप करत थांबलेली रेघ.
बोल.

आत काझी सरांचं लिहिणं सापडलं.
सर आता मस्कतला;
इंग्रजी अक्षरांतली त्यांची मराठी मात्र इथेच राहिलीय,
दारादाराच्या कपाळावर.
सात: काटा दोन नंबर.
बारा: उंदरानं खाल्लेली, बदलणे.
एकोणीस: सचिवसाहेबांचं, आधी फोन करणे.
तेवीस: रिकामं ठेवा. का ते विचारू नका.

तेवीसमध्ये तार होती.
बोटानं तिच्या मागे मागे गेले धुळीतून.
तेवीसमधून निघाली, बाकीच्यांखालून वळली
आणि शिरली चोविसात.
म्हणजे सकाळपासून हा
आपलंच बोलणं आपल्याच कानानं ऐकत होता,
ऐकलेलं पुन्हा बोलत होता, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं.
माझी हाक कुठे शिरणार?

मामा म्हणाले, ‘काल झाडताना एक टोक लोंबत होतं.
म्हटलं, उगी मोकळं कशाला ऱ्हावं.’
मी हसले नाही.
मलाही बघवत नाहीत लोंबती टोकं.

तेवीस बंद केलं.
दिवे एकेक करत भानावर आले,
कुणी लुकलुकला, कुणी थांबला,
आणि पलीकडे शेडमध्ये कुणीतरी भाव पुकारला.

काझी सरांच्या ओळीला मी शेपूट जोडलं:
का ते आज कळलं.
मग जपून ठेव म्हणून सांगितलं,
न सांगता लाइट गेली तर हा सगळं विसरतो.

साडेपाचची गाडी. खिडकीशी जागा.
हात धुतलेत दोनदा.
एंटरवर तेवढा पिवळा ठसा राहिलाय.