बर्फ कारखान्याचा नकाशा

वहीच्या मधल्या जोडपानावर मी पाच चौकोन काढले.
अजीम हजवाने चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले,
दुसऱ्याच्या जाळ्यातली मासळी बघावी तसे.

मुख्य पानावर काय?
बर्फ.
उत्पादनं?
बर्फच. हवं तर दोन लिही, लादी आणि चुरा.
सेवा?
लादीचा चुरा करून देतो.

बाहेर क्रशर दातओठ खात होता,
हर्णैच्या बंदरावरचा लिलाव उठला होता,
अमोनियाच्या वासात माझं पेन
एकाच शब्दाभोवती घिरट्या घालत होतं.

'आमच्याविषयी'ला ते जरा सैल झाले.
वडिलांपासून सुरू करूया?
नको. मग बँकेनं टाळं लावलेलं तेही येणार.
एवढंच लिही:
खाऱ्या पाण्यात डबे बुडवतो, आत गोडं पाणी असतं.
खारं वाहतं राहतं, गोडं गोठतं.
मी लिहिलं.
धंद्याबद्दल इतकं सरळ वाक्य
मला आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं दिलं नव्हतं.

मग नेहमी विचारले जाणारे प्रश्न.
नारळी पौर्णिमेनंतर पैसे दिले तर चालेल?
लादी पोचेपर्यंत अर्धी होते, भाव पुरा का?
रात्री तीनला कोणी असतं का?

रात्री तीनला, ते म्हणाले,
पाजपंढरीची एक बाई आली होती.
पदराच्या गाठीत पैसे.
मुलगा मस्कतहून निघालेला, पोचणार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी,
घरात सासरा, आदल्या दुपारपासून.
चार लाद्या, भुसा लावून, आमच्याच टेम्पोनं.
आणि पैसे? मी विचारलं.
त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला
आणि माझे चौकोन मोजू लागले.

हे कुठे बसवायचं?
सेवांमध्ये एक ओळ?
का अगदी तळाला, बारीक अक्षरात?
मी सहावा चौकोन काढला, रिकामाच.
त्याच्याकडे कुठूनच बाण जाईना.
तो खोड, म्हणाले.
ज्याला लागतो त्याला दार ठाऊक असतं.
पेन होतं, पेन्सिल नव्हती.
खोडला तसा तो बाकीच्या पाचांपेक्षा ठळक झाला.

संपर्कात मी लिहिलं, चोवीस तास.
त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन पुढे लिहिलं,
लाईट असेल तर.

राहता राहिला रस्ता.
मोबाईलवर कारखान्याची जागा लावताना बोट घसरलं,
लाल टाचणी जेटी ओलांडून
तीसेक हात पुढे, पाण्यात जाऊन पडली.
मी ती ओढून जमिनीवर आणत होते.
असू दे तिथंच, अजीमचाचा म्हणाले,
आपलं गिऱ्हाईक तिकडूनच येतं.