रिकामा चौकोन

आधी काळी रेघ.
बटरपेपरच्या कोनाचं टोक
सुईच्या नेढ्याएवढंच कापायचं
आणि श्वास धरून ओढायची.
कुठे तुटली की रंग शेजारच्या घरात घुसतात,
निळ्या-पिवळ्याचं भांडण
हिरवं होऊन बसतं.

सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर, पंखा बंद.
डिसेंबरातलं नाशिक जेलीला मानवतं.
मे महिन्यात हीच खिडकी
केकवरून ओघळून ताटात आली असती.

त्रिभुवन सर वहीचं पान घेऊन आले होते.
शरणपूरच्या चर्चची खिडकी, त्यांच्या लहानपणची:
मेंढपाळ, खांद्यावर कोकरू, वर द्राक्षाचा वेल.
"लग्नाला पन्नास होतायत.
एस्तेर याच खिडकीखाली बसायची,
गाणाऱ्यांच्या बाकावर."

पेन्सिलीनं, फूटपट्टी लावून काढलेलं सगळं.
एकाच चौकोनात काही नाही.
"इथं?"
सर चष्मा पुसत राहिले.
"बासष्ट साली. बॉल.
टेनिसचा नव्हता, लेदरचा.
पाळकसाहेबांनी मग साधी काच बसवली.
कुणी मारला ते अजून कुणाला माहीत नाही."
"बाईंना?"
"तिलाही नाही."
"आणि रंग कुठला होता?"
"मी पळत होतो गं. तुकडे कोण बघतंय."

मग लाल भरला अंगरख्यात,
ब्रशनं कडेपर्यंत ढकलत,
बुडबुडे टाचणीनं फोडत.
द्राक्षं जांभळी.
खिडकी विलायतेहून आलेली,
तिला थॉमसन कुठून ठाऊक असणार.
आकाशाला तीन निळे लागले,
तिसरा मला अजून पटलेला नाही.
त्या चौकोनात बिनरंगी जेली ओतली,
पाण्यासारखी,
खालचा पांढरा फॉन्डंट नुसता ओला दिसत होता.

मायको सर्कलला रिक्षावाल्यावर दोनदा ओरडले.
मांडीवर डबा, डब्यात चर्च.

एस्तेरबाई केकपाशी बराच वेळ वाकून उभ्या होत्या.
लोकांना वाटलं, प्रार्थना चाललीय.
मग त्या चौकोनावर बोट आणून,
न टेकवता,
"इथं पिवळा होता," म्हणाल्या.
"मधासारखा. सकाळी बरोब्बर
माझ्या गीतांच्या वहीवर पडायचा.
अहो, तुमचा बॉल लागला ना,
त्यानंतर कित्येक रविवार
मला आकडेच नीट दिसेनात."

सरांच्या हातातली बशी
आडवी होती ती तिरकी झाली.
कुणाचा तरी नातू मोठ्यानं हसला.

"पिवळा उरलाय का गं?"
पर्समध्ये कोन होता, डागडुजीसाठी ठेवलेला.
त्यांनी स्वतःच धरला.
हात थरथरत होता,
रेघ ओलांडून पिवळा निळ्यात गेला,
आणि तिथं हिरवं झालं,
बासष्टच्या आधीही नसलेलं.
मी टिशू पुढं केला.

"राहू दे," म्हणाल्या, आणि सुरी
दुसऱ्याच बाजूनं घातली,
मेंढराच्या पायाकडून.