दहा तास मागे

साकीउसा सिनाईला गेला त्या दिवशी
त्याचं जुनं घड्याळ मी त्याच्या वेळेला लावलं,
दहा तास मागे,
आणि पिठाच्या डब्यावर उभं करून ठेवलं.
(उन्हाळ्यात नऊ. तिकडचं सरकार
तास पुढे ढकलतं म्हणे.
कुणाचा तास कोण ढकलतं, देव जाणे.)

मी संध्याकाळचा कसावा सोलायला बसते
तेव्हा त्याच्याकडे सकाळ होते.
आमच्या चर्चचा लाकडी ढोल वाजतो
तेव्हा तिकडे अजून शनिवारची रात्र.
आमचा रविवार त्याला
वेळेवर कधी मिळालाच नाही.

पगार मात्र वेळेवर.
त्या पगाराचं पोस्टात पुस्तक निघालं,
इसिमेलीची फी भरली,
बोटीला चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन आलं.
ते आता दीर चालवतो,
आणि मासळीतला वाटा देताना
माझ्याकडे बघत नाही.

वादळात छप्पर उडालं तेव्हा
आम्ही तिघं शाळेच्या बाकांखाली होतो, एक रात्र, अर्धा दिवस.
आठवड्याने फोन लागला.
म्हटलं, वारा जरा जास्त होता.
तो म्हणाला, इथे रस्त्यावर
जरा आवाज झाला.
मग दोघंही हवापाण्याचं बोलत राहिलो.
पत्रे नवे बसले तेव्हा मी रंग सांगितला फक्त: हिरवा.
आवाज कसला ते मला
लेपानीच्या आईकडून कळलं.
लेपानी मार्चमध्येच घरी आला,
झेंड्याखाली,
बँड लावून.
त्याच्या आईने अंगणातली फणसं
त्या वर्षी उतरवलीच नाहीत. सडू दिली.

जूनमध्ये आमचा आला. पायांवर चालत.
गावाने डुक्कर कापलं, यांगोनाचं पातेलं भरलं,
पहिला वाडगा त्याच्या हातात दिला.
तो गोलात बसेना.
भिंत कुठे आहे, असं विचारलं त्याने,
इतक्या हळू की फक्त म्हाताऱ्या पेनीला ऐकू गेलं.
पेनी काही न बोलता सरकला,
खांबाला टेकायची
स्वतःची जागा त्याला दिली.
चाळीस वर्षं ती जागा पेनीची होती.

घरी आल्यावर तो रोज सकाळी
मुलांचे शाळेचे बूट उलटे करून झटकतो.
तीनदा.
आमच्या घरात विंचू कधी निघाला नाही.
उनाइसी आधी हसायची,
आता आपले बूट आपणच त्याच्यापुढे नेऊन ठेवते,
जसं एखाद्याला काम द्यावं,
म्हणजे त्याला बरं वाटेल.

पहिल्या रात्री त्याने विचारलं,
समुद्राचा एवढा आवाज रोज असायचा?
मी म्हटलं, रोज.
तो म्हणाला, मग मी झोपायचो कसा?

घड्याळाचं सांगायचं राहिलं.
ते मी काढलं नाही.
लाज वाटते सांगायला, पण दुपारी चार वाजले की
अजूनही माझ्या जिवाला घोर लागतो:
तिकडे सहा वाजले, उठला असेल, खाल्लं असेल का काही?
आणि तो माझ्यासमोर चटईवर पालथा पडलेला असतो,
पाठीवर ऊन घेत.
मी ह्या पाठीसाठी थांबले होते की त्या?
वर्षभर ज्याची काळजी केली तो माणूस
अजून कुणी परत पाठवलेला नाही,
असं वाटतं. कुणाला म्हणू हे?
लेपानीच्या आईला?

परवा रात्री जाग आली. शेजारी चटई गार.
तो स्वयंपाकघरात उभा, पिठाच्या डब्यापाशी,
काचेवर बोट ठेवून.
चार वाजले, म्हणाला.
बाहेर रात्रीचे दोन होते.
मला वाटलं, आता विचारेल
हे कुणी लावलं, कशाला लावलं.
तो म्हणाला,
आता लेपानीची पाळी. सहाला सुटेल.

मी चूल पेटवली नाही, दिवा लावला नाही.
त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले
आणि सहा वाजेपर्यंत
दोघंही तिथेच उभे होतो.